अंगठ्याच्या बुडाशी

हात वर होता. पंजा उघडा, बोटं जुळलेली. म्हणजे थांब. बांधावरची क्रेन थांबली होती. तिच्या आकड्याला लटकलेला सिमेंटचा ठोकळा वाऱ्यात जेमतेम डुलत होता. खाली लाँचवरची दोन माणसं माना वर करून त्याच्याकडे बघत होती. आणि नेमक्या त्याच वेळी मोहियुद्दीनच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताचं मांस जिथे लाडवासारखं फुगलेलं असतं तिथे, काहीतरी उडालं. टोपलीतली जिवंत कोळंबी उडी मारते तसं. एकदा, दोनदा, मग थोडं थांबून पुन्हा. अंगठा त्याला न विचारता आत वळला आणि जागेवर आला. आणि तेवढ्यात ठोकळा वीतभर खाली घसरला. वीतभरच. लाँचवरच्या माणसांनी डोकी आत ओढली, मग एकमेकांकडे बघून हसली. केबिनच्या काचेतून क्रेनवाल्या राजाभाऊने हात हलवला, काही नाही, चालू द्या. मोहियुद्दीनने मूठ आवळली. हातमोज्याच्या आत त्याला घाम फुटला होता आणि थंडीच्या वाऱ्यात तो घाम गार पडत होता. डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे मी केलं. माझ्या अंगठ्याने केलं.

रिगर म्हणजे ओझं बांधून क्रेनला खालून खुणा करणारा; त्याचं सगळं बोलणं हातात असतं. क्रेनवाला उंच काचेत बसलेला, इंजिनाची घरघर एवढी की वॉकीटॉकीत ओरडलेलं पलीकडे नुसतं खरखरतं, आणि ओझ्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त खाली उभा असलेला माणूस. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड. मूठ वळून अंगठा वर, तर क्रेनचा दांडा वर. अंगठा खाली, तर दांडा खाली. आखाताच्या काठावरच्या जुबैलमध्ये आल्यापासून मोहियुद्दीनने या बोलीत कितीतरी टाक्या, नळ्या, बॉयलर जागेवर बसवले होते. अरब, फिलिपिनो, कोरियन, कोणीही क्रेनवर असो, त्याचं बोलणं कोणाला दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे. साधं हिंदी बोलताना तो अडखळायचा, पण हात वर गेला की त्याच्यात एक रुबाब यायचा. आता त्या बोलीतला एक शब्द आपणहून उठून बोलू लागला होता. आणि तोही कधी, तर कुवेतच्या बाजूने समुद्रात सुटलेलं तेल किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकत होतं तेव्हा. समुद्राचं पाणी आत घेऊन ते गोडं करणारा कारखाना इथेच, बांधाच्या मागे. पार रियाधपर्यंतची माणसं ते पाणी पीत होती. कारखान्याच्या कालव्याच्या तोंडावर तरंगत्या पट्ट्याची भिंत घालायची, तिला पाण्याखाली ठोकळ्यांना बांधायची, असं काम होतं. तेल आत शिरलं तर कारखाना बंद करावा लागणार होता. कुवेतवरून लढाई सुरू झाली तशी निम्मी माणसं मिळेल त्या विमानाने घरी गेली होती. कंपनीत रिगर म्हणून उरला होता तो एकटा.

त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्याने हातमोजा काढला आणि खिडकीशी बसून हाताकडे बघत राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याने नजर काढून घेतली आणि ते उडालं, जणू त्याची नजर हलण्याची वाट बघत होतं. त्याला वर्ग आठवला. लढाईच्या आधी कंपनीने सगळ्यांना मेसमध्ये बसवून तोंडावर घालायचे मास्क वाटले होते आणि सेफ्टीच्या गोऱ्या साहेबाने विषारी गॅसची लक्षणं सांगितली होती. राजाभाऊ शेजारी बसून कानात मराठी करत होता. ‘नाक गळतं म्हणतोय. म्हंजे आपल्या नागेशला जन्मापासनं गॅस लागलाय.’ लोक हसले होते. ‘छाती आवळती. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी हुती. आन् अंगातलं मांस उडाया लागतं, आपोआप.’ तेव्हा तोही हसला होता. आता तो उठला, भिंतीवरच्या हातभर आरशात डोळ्याची बाहुली पाहिली. बाहुली होती तशीच होती. नाक कोरडं होतं. छातीत फक्त भीती होती, आणि भीती छाती आवळते ती काही गॅसमुळे नव्हे, एवढं त्याला कळत होतं. आणि गॅस असता तर एकट्याच्या अंगठ्यात कसा शिरला असता? राजाभाऊ पलीकडच्या कॉटवर पाय पसरून, पोटावर ट्रान्झिस्टर ठेवून मजेत पडला होता. नाही, गॅस नाही. मग जे उरत होतं ते गॅसपेक्षा जवळचं होतं. ते घरातलं होतं.

खुर्शीद मामू. जयगडच्या खाडीवर त्याला सगळे तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, म्हणून हाक मारत, त्याची बायकोसुद्धा. मोहियुद्दीनला मिसरूड फुटायच्या आधीच मामूने त्याला गलबतावर घेतलं होतं. कौलं घेऊन वर जायचं, मीठ घेऊन खाली यायचं. गलबतावर मामूचा एक कायदा होता. गोड्या पाण्याचं लाकडी पिंप डोलकाठीच्या मागे, त्याला कुलूप, आणि किल्ली मामूच्या कमरेला. सकाळ-संध्याकाळ नारळाच्या करवंटीने पाणी मोजून मिळे. वारा पडला, गलबत अडकलं, की करवंटी अर्धी. सगळ्यांचं झालं की मामू उरलेल्यातलं घ्यायचा, कधी नुसते ओठ ओले करून करवंटी पालथी घालायचा. ‘तांडेल शेवटाक पितो,’ एवढंच बोलायचा. मोहियुद्दीनला त्या वेळी वाटायचं की जगात याहून मोठं माणूसपण नसेल. मग एके वर्षी मामूचा उजवा हात आटू लागला. दंडावरचं मांस कातडीखाली किडे फिरावेत तसं फुरफुरायचं, मामू सदरा ओढून झाकून घ्यायचा. पुढे अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला. बघता बघता हात काठीसारखा झाला, मग दुसरा हात, मग जीभ जड झाली. शेवटी मोहियुद्दीनची बायको आबिदा, तेव्हा ती या घरात नवी सून होती, मामूला चमच्याने पेज भरवायची आणि निम्मी पेज हनुवटीवरून गळायची. मांस उडतं ते त्याचं पहिलं बोलावणं, असं मोहियुद्दीनने त्या दिवसांत मनाशी पक्कं धरलं होतं. तेव्हापासून तो कधीकधी, कोणी बघत नसताना, आपल्या अंगठ्याचं बूड चाचपून बघायचा.

भोंगा वाजला. दुसरा दिवस नुकताच बुडत होता, आभाळ अजून तांबूस होतं. दोघांनी मास्क चढवले, खिडकीच्या फटीला ओलं फडकं लावलं आणि जमिनीवर पाठ टेकून बसले. मास्कच्या आत आपलाच श्वास गलबताच्या पोटात पाणी आपटल्यासारखा ऐकू येतो. मोहियुद्दीनला वाटलं, आता पोटरीपण उडतेय. मग डाव्या डोळ्याची पापणी. एकेका जागी कोणीतरी टिचकी मारून बघत होतं, हे घर रिकामं झालं का म्हणून. काचेतून त्याला कॉटखाली ओळीने मांडलेली प्लॅस्टिकची पिंपं दिसत होती. तेलाची बातमी आली त्याच दिवशी त्याने ती भरून ठेवली होती. नळ बंद होणार, असं मेसमध्ये जो तो म्हणत होता. इतरांनीही पाणी भरलं आणि दोन दिवसांनी विसरले, नळाला तर पाणी येतच होतं. मोहियुद्दीन विसरला नाही. खोलीत वयाने तोच मोठा होता. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, कुलूपही लावलं नाही, पण तेव्हापासून तो आपलं पाणी राखून ठेवत होता. साइटवर थंड पाण्याचा मोठा थर्मास असे, तो त्याच्या बाजूला फिरकत नसे. पाणी सोडून दुसरं काही असेल तर ते घ्यायचं, म्हणून काळा सुलेमानी चहा, सकाळपासून ग्लासावर ग्लास. थंडीच होती, तहान अशी लागतही नव्हती. रात्री पाणी ओठाला लावताना त्याला करवंटीचा वास यायचा आणि बरं वाटायचं. उपाशी ठेवलेल्या अंगात जी एक ताठ शांतता येते तिच्यात तो मास्क लावून बसला होता, आणि त्या शांततेत अंगठा उडत होता. भोंगा पुन्हा वाजला, सगळं ठीक असल्याचा. राजाभाऊने मास्क ओढून काढला, तोंडावर रबराचे वळ. ‘भाई, ह्या डुकराच्या थोबाडात मला माझाच वास येतो. मरायचं तर मोकळ्या हवेत मरू.’ मोहियुद्दीन हसला नाही. राजाभाऊने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. ‘बरं नाही का काय?’ ‘काही नाही. झोप नाही.’ ते मात्र खरं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वारा फार होता, काम दुपारी थांबवलं. राजाभाऊला काही न सांगता तो कंपनीच्या दवाखान्यात गेला. जाताना रस्ताभर तो हाताचं खरं-खोटं करत होता. मेसच्या दाराची कडी अंगठ्याने दाबून बघ, दगड उचलून बघ, चिमटीत वाळू धर. प्रत्येक वेळी हात हुकूम ऐकत होता आणि प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं, हे आज. उद्याचं काय? डॉक्टर नसरुद्दीन हैद्राबादचे. पांढरी दाढी, कपाळावर चष्मा, टेबलावर मास्कचा डबा आणि त्या डब्यावर सोललेलं संत्रं. मोहियुद्दीनने हात पुढे केला आणि नेमका तो हात मेलेल्या माशासारखा स्वस्थ पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, ‘शर्माता होगा मियाँ. बैठने दो उसे.’ मग त्यांनी जे सुरू केलं ते मोहियुद्दीनने कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात शेजारी ठेवून अंगठ्यांची बुडं दाबून पाहिली. माझी बोटं आवळ, अजून आवळ, म्हणाले. अंगठा वर धर, मी खाली दाबतो, दाबू देऊ नकोस. मोहियुद्दीनने दाबू दिला नाही. डॉक्टरांनी उभं राहून वजन टाकलं, अंगठा हलला नाही. जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरीने पाहिली. गुडघ्यावर छोटा रबरी हातोडा मारला. मग म्हणाले, टाचांवर चाल. आता चवड्यांवर. पन्नाशीला टेकलेला, अर्धी दाढी पिकलेला माणूस दवाखान्यातल्या फरशीवर टाचांवर बदकासारखा चालत गेला आणि चवड्यांवर परत आला. दाराशी बसलेला कंपाउंडर हसू दाबत होता. आणि चालता चालता मोहियुद्दीनच्या आत काहीतरी मोकळं होऊ लागलं, कारण त्याला आठवलं, मामूला हे जमलं नसतं. सुरुवातीलाच जमलं नसतं.

त्याने मामूची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ती पुरी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला. ‘पहले क्या हुआ? गोश्त फड़का, या पहले हाथ से चीज़ गिरी?’

मोहियुद्दीनच्या तोंडावर ‘गोश्त’ आलं होतं. इतकी वर्षं त्याने ती आठवण एकाच बाजूने धरली होती. आता ती फिरवून बघताना तिच्या खाली दुसरी आठवण सापडली, ओली, तशीच्या तशी. दाभोळच्या बाहेर, वारा पडलेला, उन्हाने डेकची फळी पोळत होती. मामू पिंपाशी बसला होता. कुलपात किल्ली घातलेली, पण ती फिरत नव्हती. मामूने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा दुसऱ्या हाताने पाहिलं. मग इकडेतिकडे बघून मोहियुद्दीनला म्हणाला, ‘तू उघड रे पोरा. माझ्या हाताला तेल लागलाय.’ हाताला तेल नव्हतं. मोहियुद्दीनने तेव्हाही ते पाहिलं होतं. त्या वेळी मामूच्या अंगात कुठेच काही उडत नव्हतं. फुरफुर आली ती नंतर, पुढच्या हंगामात. पहिली गेली ती ताकद. त्याच हाताने जयगडच्या तोंडाशी शिडाचा दोर धरला होता, कोणाला न सांगता, आणि तो हातातून सुटला. शिडाचं आडवं लाकूड खाली आलं ते मोहियुद्दीनच्या उजव्या खांद्यावर. हाड जुळलं, पण उंच जुळलं. आजही सदरा घातला की उजवी बाजू वर दिसते, आणि फोटो काढताना तो आपसूक तिरका उभा राहतो. ‘पहले चाबी,’ तो म्हणाला. ‘चाबी नहीं घूमी.’

‘तो सुनो,’ डॉक्टर म्हणाले, आणि ते पुढे बोलले ते मोहियुद्दीनने एकेक शब्द गिळत ऐकलं. ताकद जाते, मांस आटतं, वस्तू हातातून पडतात, गिळताना ठसका लागतो, बोलणं जड होतं, आणि त्याच्यासोबत मांस उडतं, तेव्हा घाबरायचं आणि लगेच मोठ्या इस्पितळात जायचं. ताकद शाबूत आहे आणि नुसतं उडतंय, तर ते बहुतेक वेळा थकलेल्या मांसाचं कुरकुरणं असतं. झोप नाही, काळजी आहे, एकाच हाताने दिवसभर काम आहे, वर चहा-तंबाखू. बहुतेक वेळा तो आजारही मामाकडून भाच्याकडे येत नाही. आणि गॅसचं म्हणशील, तर गॅस एका अंगठ्यात तीन दिवस मुक्कामाला राहत नाही. मग त्यांनी मोहियुद्दीनच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चटकन बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

‘पानी कितना पीते दिन में?’

मोहियुद्दीनने सांगितलं. पिंपांचंही सांगितलं, मामूच्या करवंटीचंही. सांगताना त्याला पहिल्यांदाच ते बाहेरून दिसलं. समुद्र गोडा करणाऱ्या कारखान्याच्या दारात उभा राहून एक माणूस वारा पडलेल्या गलबतावरचं पाणी पितोय, आणि हे कोणाला माहीत नाही. नसरुद्दीन आधी गंभीर राहिले, मग त्यांच्या दाढीत हसू हललं, मग ते मनापासून हसले. ‘अरे मियाँ, तुम्हारा जहाज़ तो कब का किनारे लगा! चाय को पानी में मत गिनो. वो जितना देती, उससे ज़्यादा माँगती.’ त्यांनी साखर-मिठाच्या पुड्या दिल्या, संत्र्याच्या फोडी त्याच्या हातावर ठेवल्या, खा म्हणाले, इथेच. पाणी आल्यावरही लगेच थांबणार नाही, हे बजावलं. अजून बरेच दिवस उडेल. उडू दे. महिन्याने दाखव, आणि ताकद कमी वाटली तर महिना थांबू नकोस. मोहियुद्दीनने फोड तोंडात टाकली. तिचा रस जिभेवर फुटला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अंगठ्याने तेवढ्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, उडी मारली. ‘आदाब अर्ज़ है,’ डॉक्टर अंगठ्याला म्हणाले.

बाहेर आला तेव्हा त्याला पळावंसं वाटत होतं. आपण मरणार नाही, निदान असे नाही, हे त्याला गुडघ्यांत, टाचांत, जिभेत सगळीकडे कळत होतं. बसथांब्यावर तो कोणी बघत नसताना पुन्हा एकदा चवड्यांवर उभा राहिला. पण बस आली, बांधाच्या कडेने निघाली, आणि खिडकीतून दूर पाण्यावर एक काळसर पट्टा दिसला, ढगाची सावली पडावी तसा. आभाळात ढग नव्हता. काठाशी एक पाणकावळा पंख उघडून बसला होता. पंख सुकत नव्हते, चकाकत होते. बसमधली माणसं एका बाजूला गोळा झाली. कोणीतरी म्हणालं, उद्या. उद्या सकाळी शेवटचा ठोकळा टाकायचा होता आणि भिंतीचं दार बंद करायचं होतं. मोहियुद्दीनचा हात त्याच्या मांडीवर होता आणि अंगठा उडत होता. आपण मरणार नाही हे खरं. पण उद्या लाँचवरची माणसं ठोकळ्याखाली असतील, आपण थांब म्हणू आणि अंगठा खाली म्हणेल, हेही खरं. सांगितलं तर साहेब त्याला कामावरून बाजूला करणार, दुसरा रिगर येईपर्यंत तेल आत. नाही सांगितलं तर? ‘माझ्या हाताला तेल लागलाय.’ मामूने तेव्हा खरं सांगितलं असतं तर दोर दुसऱ्याने धरला असता. इतकी वर्षं त्याने मामूच्या करवंटीची आठवण जपली आणि किल्लीची गाडून टाकली होती. माणूस तोच होता, दोन्ही गोष्टी त्याच्याच होत्या. एक घ्यायची आणि एक टाकायची, हे बसमध्ये बसल्याबसल्या त्याने ठरवलं, आणि ठरवल्यावर त्याला कधी नव्हे तो मामू आपल्यापेक्षा लहान वाटला. थकलेला, घाबरलेला, लपवणारा कोणीतरी धाकटा भाऊ.

राजाभाऊ मेसच्या पायरीवर बसून नखं कापत होता. मोहियुद्दीन त्याच्यापुढे उभा राहिला आणि एका दमात बोलला. अंगठा उडतो, आपोआप, तीन दिवस झाले. परवाचा ठोकळा वीतभर खाली आला तो माझ्यामुळे. डॉक्टर म्हणतात रोग नाही, पण उद्याही उडणार. तू सांग, उद्या मी हात करू की साहेबाला सांगू?

राजाभाऊने नखं कापायचं थांबवलं. ‘कुठला अंगठा?’

‘हा. उजवा.’

‘त्याच्याकडं कोण बघतंय?’

‘म्हणजे?’

‘आवो भाई, वरनं मला तुमची बोटं दिसत्यात व्हय? हातमोजा, सूर्य तोंडावर, काचंवर खारं पाणी. बोटं मोजत बसलो तर मी क्रेन चालवीन का रुमाल विणीन?’ तो उठला आणि त्याने मोहियुद्दीनच्या उजव्या खांद्यावर, उंच जुळलेल्या हाडावर, हात ठेवला. ‘मी बघतो ह्येच्याकडं. उचल म्हणायच्या आधी ह्यो मागं जातो. सोड म्हणायच्या आधी पुढं पडतो. आन् थांब म्हणायचं असलं की आसा ताठ हुतो, जणू कुणीतरी बोलावलंय. हात नंतर. पयल्या दिवसापासनं. दुसरा रिगर दिला की मला निम्मं आंधळं झाल्यासारखं वाटतं, म्हणून तर साहेबाशी भांडून तुम्हालाच मागून घेतो.’

‘आणि परवाचा ठोकळा?’

राजाभाऊने नजर बाजूला केली. ‘त्यो माझा ब्रेक. जरा सैल हुता. त्याच दिवशी कसून घेतला. तुमी लेको, माझा ब्रेक सुद्धा स्वतःच्या अंगावर घेतला?’ आणि तो हसत सुटला, आणि मोहियुद्दीनलाही हसू आलं, असं की पायरीवर बसावं लागलं. हसता हसता त्याने खांदा चाचपला. आयुष्यभर लपवलेला, शर्टाखाली दाबलेला, फोटोत तिरका केलेला खांदा. मामूच्या सुटलेल्या दोराने दिलेला. तोच इतके दिवस वर बघून बोलत होता, आणि वर कोणीतरी ऐकत होतं. दोघांनी मिळून मग गोऱ्या साहेबाला सगळं सांगितलं. साहेबाने मोहियुद्दीनचा अंगठा पाहिला, राजाभाऊच्या डोळ्यात पाहिलं, वारा पडला की, खाली कोणी नसताना, शेवटच्या ठोकळ्यावर एक चाचणी करून दाखवा म्हणाला. त्यांनी दाखवली. वर, खाली, डावीकडे, थांब. अंगठा त्याला वाटेल तेव्हा उडाला, ठोकळा केसभर हलला नाही. ‘यल्ला,’ साहेब म्हणाला, म्हणजे चला, लागा कामाला.

सकाळी तेलाचा वास आधी आला, मग तेल. बांधाच्या उत्तरेला पाणी जड झालं होतं, लाट उठत होती पण फुटत नव्हती, जाड कांबळं झटकावं तशी नुसती फुगून बसत होती. आकाशातून विमानांच्या जोड्या कुवेतकडे गेल्या, कोणी वर पाहिलं नाही. मोहियुद्दीन बांधाच्या टोकाला उभा राहिला, पाय फाकवून, गलबतावर उभा राहावा तसा. त्याने हातमोजा काढून खिशात टाकला. लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. बोट फिरवलं, ठोकळा उठला, पाण्यावर आला. लाँचवरच्या माणसांनी दोर धरले. वाऱ्याचा झोत आला, ठोकळा फिरू लागला, लाँचकडे वळला. मोहियुद्दीनचा पंजा वर गेला. थांब. अंगठा उडाला. पुन्हा उडाला, आत वळला, बाहेर आला, जत्रेत ताशा वाजवणाऱ्याच्या काडीसारखा धडधडत राहिला, आणि ठोकळा आकाशात खिळून उभा. वर काचेत राजाभाऊचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं ऊन दिसत होतं, पण त्या उन्हातून कोणीतरी आपल्या खांद्याकडे बघतंय हे मोहियुद्दीनला कळत होतं. फिरणं थांबलं. लाँच बाजूला झाली. त्याने बोट खाली केलं, सावकाश, सावकाश, आणि ठोकळा लेकराला पाळण्यात ठेवावं तसा पाण्यात गेला, तळाला टेकला. दोर सैल पडला. लाँचने तरंगत्या भिंतीचं टोक ओढत आणलं, साखळी अडकवली, एक माणूस वाकून हिसके देऊन बघत राहिला, मग त्याने दोन्ही हात वर केले.

मग सगळे नुसते उभे राहिले. काळा पट्टा आला. भिंतीला लागला, फुगला, जागा शोधत इकडेतिकडे सरकला, आणि तिथेच साचत राहिला. भिंतीच्या आतलं पाणी हिरवं होतं. तळाची वाळू दिसत होती. ‘खलास!’ लाँचवरून कोणीतरी ओरडलं, आणि बांधावर अरब, फिलिपिनो, कोकणी, घाटी, सगळ्यांनी जो आवाज काढला तो कोणत्याच भाषेत नव्हता. राजाभाऊ केबिनची शिडी उतरून आला तो थेट थंड पाण्याच्या थर्मासकडे. ग्लास भरला. मोहियुद्दीनने सवयीने मागे सरून बाकीच्यांना वाट दिली. ‘घ्या, घ्या तुम्ही, मी नंतर.’

‘नंतर नाही,’ राजाभाऊ म्हणाला. त्याला पिंपांचं, करवंटीचं सगळं आता माहीत होतं. ‘ज्येच्या इशाऱ्यावर पाणी वाचलं त्यो आधी. मग आमी.’ लाँचवरची माणसं वर आली होती, ओली, काळ्या हातांची. त्यांना काय चाललंय कळलं नाही, पण तीही ग्लास न मागता थांबली. मोहियुद्दीनने ग्लास घेतला. काचेला धरलेला अंगठा उडाला आणि पाण्यावर लहान लहान वलयं उठली, काठाला जाऊन परत आली. त्याने ती मजेने पाहिली. मग मान मागे टाकून, घशाचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा, तो पीत सुटला. पाणी दाढीवरून गळलं, सदऱ्यात गेलं. त्याने ग्लास रिकामा केला, पालथा घातला नाही, पुन्हा पुढे केला.

‘भर,’ तो म्हणाला, आणि त्याचा उजवा खांदा मागे गेला.